“फक्त दोन सेकंद काढा”: शूटिंग संपल्यावर व्हिडिओचं नेमकं काय होतं

“साहेबांनी बघितलं, एकदम झकास झालंय. फक्त १ मिनिट ५२ सेकंदाला तो पोरगा कॅन ओतताना दिसतोय ना, त्याच्या डोक्याला टोपी नाही. तेवढं काढा. दोनच सेकंद आहेत.”

एका दूध संघाच्या सुवर्णमहोत्सवासाठी आम्ही पाच मिनिटांची फिल्म करत होतो. कार्यक्रम तीन दिवसांवर आला होता. फोन करणारे गृहस्थ अगदी सज्जन, आणि त्यांचं म्हणणंही शंभर टक्के बरोबर. दुधाच्या प्लांटमध्ये उघड्या डोक्याचा कामगार मोठ्या पडद्यावर दिसला असता तर समोर बसलेल्या पाहुण्यांनी पन्नास वर्षांचं कौतुक विसरून तेवढंच लक्षात ठेवलं असतं. तरी ते दोन सेकंद काढायला आम्हाला दीड दिवस लागला. बिल वाढवायला हे लोक टंगळमंगळ करतायत असं त्यांना वाटलं असेल, तर त्यांचा दोष नाही. बाहेरून बघणाऱ्याला व्हिडिओ म्हणजे एक लांब पट्टी दिसते. नको तो तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची, की झालं.

एडिटिंगच्या टेबलावर मात्र ती पट्टी नसते, थरांची चळत असते. ही चळत कशी रचली जाते ते याच फिल्मच्या निमित्तानं सांगतो.

‘पोस्ट-प्रॉडक्शन’ म्हणजे कॅमेरा बंद झाल्यानंतरचं सगळं काम. आमच्यात कुणी हा शब्द पूर्ण उच्चारत नाही. “फिल्म पोस्टला गेलीय” म्हणतात, आणि नवख्या माणसाला ती टपालात टाकल्यासारखं वाटतं.

कार्डं, हार्डडिस्क आणि एक कंटाळवाणा दिवस

चार दिवसांच्या शूटिंगमध्ये दोन कॅमेरे आणि एक ड्रोन मिळून नऊ तासांचं चित्रण झालं होतं. त्यातून पाच मिनिटं काढायची. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर एका तासाचे ४५ जीबी होतात, नऊ तासांचे ४०५. साध्या हार्डडिस्कवर हे उतरवायला साधारण तासभर पुरतो. ५० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून चढवायला अठरा तास लागतात, तेही मधे लाइट गेली नाही तर. म्हणून क्लाउडच्या जमान्यातही आमच्या हार्डडिस्का कुणाच्या तरी मांडीवर बसून एसटीनं येतात.

पहिला नियम नकलांचा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं धरत नाहीत. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलची एक आकडी ओळख काढतं, मूळ फाइलची आणि नकलेची ओळख ताडून बघतं, आणि मगच कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं. हे काम कुणालाच आवडत नाही. पण संस्थापकांपैकी हयात असलेल्या एकमेव आजोबांची मुलाखत त्या कार्डावर असते, आणि ती पुन्हा मिळत नसते.

मग जड फाइलींच्या हलक्या नकला करतात, त्यांना प्रॉक्सी म्हणतात. कॉम्प्युटर दमू नये म्हणून एडिट प्रॉक्सीवर होतो. शेवटी सॉफ्टवेअर प्रॉक्सीच्या जागी मूळ फाइली आणून बसवतं. मुलाखतींचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असतो, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळवावे लागतात. शूटिंगच्या वेळी टाळी किंवा क्लॅप वाजवतात तो याचसाठी. क्लॅपच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्याची फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र म्हणजे फ्रेम) आणि आवाजातला उंच सुळका एकावर एक ठेवला की सिंक झालं.

कच्ची टाच

शिंपी ब्लाउज पक्का शिवण्याआधी कच्च्या दोऱ्यानं टाचून अंगावर घालून बघायला सांगतो. खांद्याला उतरतोय का, बाहीला घट्ट होतोय का, हे तेव्हा बघायचं असतं. हुकं कुठली लावणार असं त्या वेळी कुणी विचारत नाही. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली ओबडधोबड जोडणी, ही अशीच कच्ची टाच.

आमचा रफ कट आठ मिनिटांचा होता. दिसायला भिकार. कॅमेऱ्यानं चित्रण ‘लॉग’ पद्धतीनं केलेलं होतं. या पद्धतीत उजेड आणि सावलीतला जास्तीत जास्त तपशील राखण्यासाठी चित्र मुद्दाम फिकट, राखाडी ठेवतात, आणि आपल्याला ते पाणी घातलेल्या ताकासारखं दिसतं. निवेदनाच्या जागी माझाच आवाज, तोही सर्दीतला. मधोमध आडवा वॉटरमार्क, खाली पळणारे आकडे. संगीत कुठून तरी तात्पुरतं उचललेलं.

या टप्प्यावर क्लायंटला विचारायचे प्रश्न दोनच. गोष्ट कळतेय का? काही चुकीचं दाखवलंय का? यातला दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर एडिटरकडे नसतंच. निवेदनात “दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलं जातं” असं वाक्य होतं, आणि खाली आम्ही स्टीलच्या नळ्यांचा छान चमकदार शॉट लावला होता. संघाचे एक तांत्रिक अधिकारी हसत म्हणाले, “अहो, हा पावडर प्लांट आहे.” आमच्या डोळ्याला सगळं स्टील सारखंच. क्लायंटला दाखवण्याचा खरा उपयोग इथे आहे. माझ्या मते निम्म्याहून जास्त भांडणं होतात ती यामुळे, की रफ कटला लोक रंगाबद्दल बोलतात आणि शेवटच्या कटला तथ्यांबद्दल.

तात्पुरत्या संगीतापासून मात्र सावध राहायला हवं. आठवडाभर तेच ऐकलं की कान त्याला चिकटतात, आणि नंतर संगीतकारानं जीव ओतून केलेलं “तितकं भारी नाही वाटत” असं होतं. तेच गाणं ठेवा म्हणावं तर त्याचे हक्क कुणाकडे तरी असतात. परवानगीशिवाय वापरलेलं गाणं यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आपोआप ओळखते आणि हक्कदाराचा दावा त्या व्हिडिओवर येऊन बसतो.

खाली पळणारे आकडे

रिव्ह्यूच्या प्रतीवर ०१:५२:१० असं काहीतरी पळताना दिसतं, तो टाइमकोड. मिनिट, सेकंद आणि शेवटी फ्रेम. आपल्याकडे टीव्हीसाठी आणि बऱ्याचशा कॉर्पोरेट कामासाठी सेकंदाला २५ फ्रेम घेतात, म्हणून शेवटचा आकडा २४ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. २५ या आकड्याचं मूळ विजेत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. २५ फ्रेम आणि सेकंदाचा पन्नासावा भाग इतका शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड आत घेण्याचा वेळ) ठेवला की प्रत्येक फ्रेमला उजेडाचे बरोबर दोन हेलकावे मिळतात आणि चित्र लुकलुकत नाही.

“ते मधे बाई बोलतात त्याच्या जरा नंतर” असं कळवलं तर पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये अशा चार जागा निघतात. “०१:५२:१० ला टोपी नाही” म्हटलं की वाद संपतो. फ्रेमआयओसारख्या रिव्ह्यू साइटवर तर व्हिडिओ थांबवून त्या फ्रेमवरच लिहिता येतं, बोटानं गोल काढता येतो, आणि ती नोंद एडिटरच्या टाइमलाइनवर खुणेसारखी उमटते. या सोयीची किंमत कळावी म्हणून सांगतो: अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२१ मध्ये ही कंपनी १.२७५ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. दूध संघाचे चेंजेस मात्र व्हॉट्सअॅपवर आले. अकरा संचालकांकडून, त्यात सहा व्हॉइस नोट, एक मोटरसायकलवरून बोललेली.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच जातो. “क्वालिटी खराब आहे” या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

चेंजेस कुणी कळवायचे, हे आधी ठरवून घेणं मी आता शिकलोय. अकरा जणांनी बघावं, भांडावं, पण आमच्याकडे यादी एकाच माणसाकडून यावी. नाहीतर एक संचालक म्हणतात चेअरमनसाहेबांचं भाषण वाढवा, दुसरे म्हणतात कमी करा, आणि निवाडा करायला बसतो एडिटर, ज्याला संघाच्या राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. कोटेशनमध्ये “दोन राउंड चेंजेस समाविष्ट” असं लिहितात त्याचा अर्थही हाच: राउंड म्हणजे एकत्र करून आलेली एक पूर्ण यादी. दर अर्ध्या तासानं आलेला एकेक मेसेज म्हणजे राउंड नव्हे.

आणखी एक. काय खटकलं ते सांगणं आणि काय करा ते सांगणं, यात फरक आहे. यादीत “म्युझिक बदला” होतं. फोन करून विचारलं, नेमकं कुठे? तर आजोबांच्या मुलाखतीच्या शेवटी कंटाळा येतो म्हणाले. त्या मुलाखतीतला सहा सेकंदांचा एक विराम काढला. पुढच्या वेळी तेच संगीत ऐकून म्हणाले, “आता कसं, हे म्युझिक बरोबर आहे.” डॉक्टरकडे जाऊन आपण पोट दुखतंय म्हणतो, गोळीचं नाव नाही सांगत.

कुलूप

रफ कटनंतर फाइन कट, म्हणजे कुठला शॉट कुठल्या फ्रेमला सुरू होतो आणि कुठे संपतो इथपर्यंतची घासाघीस. ते पटलं की लेखी होकार घेतात आणि फिल्म ‘लॉक’ करतात. याला पिक्चर लॉक म्हणतात. लॉक झालं याचा अर्थ फिल्म संपली असा नाही. लांबी आणि शॉटची जागा यापुढे बदलणार नाही, एवढंच वचन.

हे वचन लागतं, कारण इथून फिल्म एकाच वेळी तीन-चार जणांच्या हातात जाते. रंगाचं काम करणारा, म्हणजे कलरिस्ट, एका कॉम्प्युटरवर. साउंडवाला दुसऱ्या स्टुडिओत. संगीतकार त्याच्या घरी. नावं, नकाशे, आकडे हलवणारा ग्राफिक्सवाला चौथीकडे. प्रत्येकाला टाइमलाइनची एक यादी जाते, कुठल्या फाइलचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा कुठे बसलाय याची. साउंडवाल्याला प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना दोनेक सेकंद जादा देतात. शिवणीला जास्तीचं कापड ठेवावं तसं. फिल्म सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमपुरता ‘बीप’ टाकतात, म्हणजे परत आल्यावर सगळ्यांचं काम त्या एका बीपवर जुळवता येतं.

रंगाचं काम म्हणजे फिल्टर मारणं नव्हे. आधी सगळे शॉट एकमेकांना जुळवायचे. पहाटे पाचला संकलन केंद्रावर घेतलेला शॉट निळसर, प्लांटमधला ट्यूबलाइटखाली हिरवट, अंगणातला पिवळा; दूध मात्र सगळीकडे दूधच दिसलं पाहिजे. या फिल्ममध्ये कलरिस्टचा जीव पांढऱ्यावर गेला. दूध जास्त उजळलं तर त्यातली साय, फेस, धार सगळं सपाट होऊन खडूसारखं दिसतं. उजेड कमी केला तर पाणी घातल्यासारखं, आणि दूध संघाच्या फिल्ममध्ये यापेक्षा मोठा अपमान नाही. कलरिस्ट डोळ्यांवर विसंबत नाही, आलेख बघतो. पडद्यावर उजेडाची पट्टी शून्य ते शंभर असते, आणि दुधाची धार शंभराच्या जरा खाली राहील अशी सांभाळतो.

एवढं करून फिल्म बघितली जाते ती भर उन्हात, स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवलेल्या मोबाइलवर, आणि निरोप येतो, “डार्क वाटतंय.” एकच फाइल दोन फोनवर दोन तऱ्हेनं दिसते. रंगाचा निर्णय घ्यायचा तर टेबलाशी येऊन आमच्या मॉनिटरवर बघावं, निदान घरातला एक चांगला टीव्ही तरी. चेअरमनसाहेब आले होते. दहा मिनिटांत काम झालं, चहा अर्धा तास चालला.

आवाजाबद्दल थोडक्यात: मुलाखतीखालची प्लांटची घरघर कमी करणं, कट जिथे जिथे आहे तिथे खोलीची शांतता भरणं (हो, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती शूटिंगलाच अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवतात), निवेदनाच्या खाली संगीत दाबणं. फिल्म किती मोठ्यानं वाजावी याचंही माप आहे. ते एलयूएफएस या एककात मोजतात. युरोपच्या प्रसारण संस्थांनी २०१० मध्ये ठरवलेलं उणे २३ हे एक. यूट्यूब साधारण उणे १४ च्या आसपास ठेवतं. त्याहून मोठा आवाज ते खाली आणतं, पण लहान आवाज वर नेत नाही. म्हणून टीव्हीची आणि यूट्यूबची प्रत वेगवेगळी काढावी लागते.

आणि मराठी अक्षरं! सुपर, म्हणजे पडद्यावर येणारी नावं आणि पदं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली यादी आली की आमच्या कॉम्प्युटरवर तिची रोमन खिचडी होते. युनिकोडमध्ये आली तरी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते आणि ‘शेतकऱ्यांचा’ मधला ‘ऱ्या’ तर हमखास मोडतो. सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते दिसतही नाही. म्हणून नावांची यादी क्लायंटकडून युनिकोडमध्ये आणि सहीनिशी घ्यावी. कोणाच्या मागे ‘मा.’, कोणाच्या मागे ‘श्री.’, उपाध्यक्ष आधी की कार्यकारी संचालक, हे पुण्यात बसून ठरवण्याच्या गोष्टी नाहीत.

दीड दिवसाचा हिशेब

आता त्या टोपी नसलेल्या पोराकडे येऊ.

लॉक झाल्यावर शॉट नको असेल तर पहिला उपाय असतो बदलीचा. तेवढ्याच लांबीचा दुसरा शॉट त्या जागी ठेवायचा, म्हणजे बाकी काही हलत नाही. आम्ही शोधलं. त्या सकाळी कॅन ओतणारा तो एकटाच होता, आणि सगळ्या शॉटमध्ये तो तसाच, टोपीविना, मन लावून काम करत होता. दुसरा उपाय, डोक्यावर टोपी रंगवायची. दोन सेकंद म्हणजे ५० फ्रेम, आणि तो वाकत होता, वळत होता. केलं असतं, पण खोटी टोपी मोठ्या पडद्यावर लपत नाही.

उरला तिसरा: जागाच बुजवायची. संगीत मिनिटाला १०० ठोक्यांचं होतं. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरलं तर ते २.४ सेकंदांचं. दोन सेकंद कापले तर पुढची प्रत्येक सम ०.४ सेकंद, म्हणजे दहा फ्रेम, चुकणार. म्हणून पूर्ण आवर्तन काढायचं ठरलं आणि उरलेल्या दहा फ्रेम पुढच्या शॉटमधून कापल्या. संगीतकारानं जोड लपवण्यासाठी त्या जागी पखवाजाची एक थाप नव्यानं वाजवून दिली. निवेदनाचं वाक्य आता पुढच्या चित्रावर चढत होतं, ते अलीकडे सरकवलं. एक मिनिट बावन्ननंतरचं प्रत्येक सबटायटल, प्रत्येक सुपर २.४ सेकंद अलीकडे आलं. रंगवाल्याला नवी यादी गेली, तिथून नवा रेंडर, म्हणजे रंग चढवून तयार झालेली फाइल, आला. साउंडचं पुन्हा मिक्सिंग झालं.

हे झालं मराठी प्रतीचं. हिंदी प्रतीत निवेदनाची वाक्यं लांब होती, तिथे कात्री वेगळ्या जागी बसली. तिसरी होती मोबाइलसाठीची उभी प्रत. आडव्या १६:९ चित्रातून उभं ९:१६ कापलं की रुंदीचा तिसरा हिस्सादेखील उरत नाही, म्हणून प्रत्येक शॉटमध्ये कुठला भाग ठेवायचा ते हातानं ठरवलेलं असतं. तेही पुढचं सगळं सरकलं. शेवटी तिन्ही प्रती पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत, मधे न थांबवता, हेडफोन लावून बघायच्या. यातून सुटका नाही.

हेच रफ कटला कळलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. गुणवत्ता विभागाच्या माणसानं फिल्म पहिल्यांदा बघितली ती आठव्या व्हर्जनला, इतकंच चुकलं. तेव्हापासून मी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारतो, “चूक सापडली तर हे थांबवू शकेल असा तुमच्याकडे कोण कोण आहे?” त्या सगळ्यांना रफ कटला बसवतो.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री एलईडी वॉलवाल्याचा फोन आला, फाइल पेनड्राइव्हवर जात नाही. मास्टर फाइल, म्हणजे पूर्ण दर्जाची अंतिम प्रत, सेकंदाला १८४ मेगाबिटची, पाच मिनिटांचे जवळपास ७ जीबी. त्याचा पेनड्राइव्ह होता जुन्या फॅट३२ पद्धतीचा, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल मावतच नाही. सेकंदाला २० मेगाबिटची हलकी प्रत पाठवली, ७५० एमबीची. भिंतीवर कुणालाही फरक कळला नाही.

फिल्म दिल्यावर आम्ही दोन गोष्टी जपून ठेवतो. एक अक्षरं नसलेली स्वच्छ प्रत, आणि दुसरं म्हणजे निवेदन, संगीत, इतर आवाज असे वेगवेगळे काढलेले ट्रॅक. क्लायंट हे मागत नाहीत, त्यामुळे बिलातही नसतं. दोन वर्षांनी संघाची निवडणूक झाली, पॅनेल बदललं, आणि तेच सज्जन गृहस्थ पुन्हा फोनवर आले. “फिल्म तीच राहू द्या. फक्त जुने चेअरमन काढा आणि नवे घाला.” जरा थांबून म्हणाले, “नव्या साहेबांनी टोपी घातलीय, ते मी आधीच बघितलंय.”